प्रस्तावना: मोशीच्या कोंडीतून

पुणे–नाशिक महामार्गावर मोशीच्या कोंडीत सकाळी तीन गाड्या एकामागे एक अडकलेल्या दिसतात: सुट्या भागांचा कंटेनर, चाकणच्या बाजाराला निघालेला कांद्याचा टेम्पो आणि पहिल्या पाळीची कंपनीची बस. विकासाच्या अर्थशास्त्राचे निम्मे प्रश्न या तीन गाड्यांत भरलेले आहेत. या शास्त्राकडे वळणाऱ्या नव्या वाचकाचे स्वागत. समीकरणे पुढे येतीलच. आधी रस्ता पाहून घेऊ.

कंटेनरचा इतिहास लांबचा आहे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली, औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, त्याच सुमारास टेल्को आणि बजाज आल्या. आयातीवर कडक बंधने होती, त्या काळात भोसरीच्या लहान वर्कशॉपांत लेथवर हात बसले. म्हणूनच १९९१ नंतर दारे उघडली आणि पुढे फोक्सवॅगनसारख्या कंपन्या चाकणला आल्या, तेव्हा सुटे भाग करून देणारे इथे तयार होते. संरक्षण की खुला व्यापार, हा वाद नुसत्या ‘की’ने सुटत नाही; आधी काय आणि मग काय, हे पाहावे लागते.

कांद्याची गोष्ट उलटी. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठवली. शहरातल्या ताटात कांदा स्वस्त राहावा म्हणून शेतकऱ्याचा भाव पडला. गरिबाच्या बाजूने घेतलेला निर्णय नेमक्या कोणत्या गरिबाच्या बाजूने, हे विचारायला हवे.

बसमधला तरुण मराठवाड्यातला. त्याच्या पगारावर गावी धाकट्या बहिणीचे शिक्षण चालते. दारिद्र्य हटते ते असे. पण तो ठेकेदाराकडे आहे, परमनंट नाही. कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे, तिचा मालक ती विकून गुंठामंत्री झाला. त्याच रानात खुरपणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर कधी नव्हतेच. तिला काय मिळाले?

सिद्धांत आणि आकडे इथल्या माणसांवर तपासून पाहण्याची ही सवय पुण्याला नवी नाही. इंग्लंडचे आर्थिक सिद्धांत हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात मांडले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या पुण्यातल्याच अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ साली माणशी रोजचे २२५० उष्मांक ही कसोटी धरून देशातले दारिद्र्य मोजले. सरासरी उत्पन्नात जी बाई दिसत नव्हती, ती ताट मोजल्यावर हिशेबात आली.

पुढच्या प्रकरणांत दक्षिण कोरियाची निर्यात येईल, बांगलादेशातले कपड्यांचे कारखाने येतील. प्रत्येक चढत्या आलेखापाशी थोडे थांबा आणि विचारा: इथे सातबाऱ्यावर नाव नसलेले कोण आहे?