वनस्पती समुदायांच्या वितरणाचा अंदाज कसा बांधतात?

महाबळेश्वर येथे वर्षाला सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दक्षिण केरळच्या घाटात अनेक ठिकाणी पर्जन्यमान याहून बरेच कमी आहे. तरीही उंच, घनदाट सदाहरित अरण्य तिकडे आढळते आणि महाबळेश्वरच्या पठारावर मात्र अंजनी, जांभूळ व पिसा या वृक्षांचे तुलनेने ठेंगणे रान दिसते. याचे कारण पावसाच्या एकूण प्रमाणात नसून त्याच्या वाटणीत आहे. महाबळेश्वरचा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो व त्यानंतर दीर्घ कोरडा ऋतू येतो. दक्षिणेत वळवाचा आणि ईशान्य मोसमी पाऊस हा कोरडा काळ कमी करतात. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञ झाँ-पिएर पास्कल यांनी १९८० च्या दशकात पश्चिम घाटातील अरण्यांची सांगड या दोन घटकांशी घातली : उंचीनुसार घटणारे तापमान आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जाणारा कोरडा काळ.

पर्यावरण आणि वनस्पती यांतील हे नाते गणिती भाषेत मांडले, म्हणजे वितरण प्रारूप तयार होते. वनस्पतिसंग्रहालयातील नमुने व प्रत्यक्ष सर्वेक्षण यांवरून एखादी वनस्पती कोठे आढळली याच्या नोंदी घेतात. त्या ठिकाणचे पर्जन्यमान, तापमान, उतार, मृदा यांची माहिती संगणकाला पुरवतात. त्यातून मिळालेला संबंध, जेथे कोणी पोहोचलेले नाही अशा प्रदेशाला लावला जातो. ऑस्ट्रेलियात १९८४ मध्ये पुढे आलेली ‘बायोक्लिम’ ही या प्रकारची आरंभीची पद्धत होय. फिलिप्स, अँडरसन व शापायर यांनी २००६ मध्ये मांडलेली ‘मॅक्सएंट’ पद्धत केवळ ‘आढळल्याच्या’ नोंदींवर चालत असल्याने विशेष लोकप्रिय झाली.

संपूर्ण समुदायाचा अंदाज बांधण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. एक म्हणजे प्रत्येक जातीचा स्वतंत्र नकाशा करून नंतर ते एकत्र करणे. दुसरा, आधी समुदाय ठरवून मग त्याचे स्थान शोधणे. या निवडीमागे जुना वाद आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये समुदायाला एका सजीवासारखे मानले, तर ग्लीसन यांनी १९२६ मध्ये प्रत्येक जाती आपापल्या गरजेनुसार वाढते, असे प्रतिपादन केले.

या प्रारूपांच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. नोंदी बहुधा रस्त्यांलगतच्या व सोयीच्या ठिकाणच्या असतात. त्यामुळे दुर्गम भाग कोराच राहतो. शिवाय सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जागतिक हवामान नकाशांतील चौकोन बारकाव्यानेही सुमारे एक किलोमीटरचा असतो. साताऱ्याजवळच्या कास पठारावर एवढ्या एका चौकोनात जांभ्याचा उघडा सडा, पाणथळ खळगे आणि कडेची राई हे सारे एकत्र येऊ शकते. सड्यावर माती जेमतेम काही सेंटिमीटर. पावसाळ्यात ती चिंब आणि उन्हाळ्यात रखरखीत. गेंद किंवा कीटकभक्षी सीतेची आसवे अशा वनस्पती या विषम परिस्थितीतच टिकतात. केवळ पाऊस व तापमान पाहणारे प्रारूप मात्र तेथे ‘वृक्षांस अनुकूल’ असा शेरा देऊ शकते.

असा नकाशा जसाच्या तसा स्वीकारून सड्यावर खड्डे खणले व रोपे लावली, तर झाडे जगतीलच असे नाही. पण हजारो वर्षे टिकलेला समुदाय मात्र नष्ट होईल. कास पठाराचा समावेश २०१२ मध्ये जागतिक वारसा स्थळांत झाला, परंतु सह्याद्रीतील अनेक सडे आजही पडीक जमीन म्हणूनच ओळखले जातात. प्रारूप अनुकूल जागा सुचवते. तेथे खरोखर काय उगवले आहे, याची साक्ष देत नाही. म्हणूनच नकाशा हाती आल्यावर पावसाळ्यात त्या जागी पायी जाऊन पाहणी करणे, हा या शास्त्राचाच अविभाज्य भाग ठरतो.