तारेखालची मालगाडी

चोपड्याला रेल्वे नाही, हे श्रोत्यांना मी सांगावयास नको. तरीही सावदा-रावेरहून केळीच्या वाघिणी दिल्लीकडे निघतात, तेव्हा त्या ओढणाऱ्या इंजिनाशी खानदेशी शेतकऱ्याचा संबंध येतोच. आज ते इंजिन विजेचे आहे. मात्र ज्या अमेरिकेने मालगाडीला वीज जोडण्यात एके काळी पुढाकार घेतला, तिनेच पुढे तारा उतरविल्या. असे का व्हावे?

मिलवॉकी रोड या कंपनीने १९१५ पासून रॉकी पर्वताच्या घाटांत ३००० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर गाड्या चालविल्या. घाट उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला वीज पुरवी! पण सुमारे साडेसहाशे मैलांचा हा मार्ग दोन तुकड्यांत विभागलेला. मधले दोनशेहून अधिक मैल तारेविना राहिले, ते राहिलेच. मग डिझेल आले. ते आपले वीजघर पोटातच घेऊन हिंडते. आज दहा इंजिने घ्यावीत, पैसा आला की आणखी दहा. तार मात्र, गाड्या थोड्या असोत वा फार, सलगच टाकावी लागते. त्यात खांब व उपकेंद्रे खाजगी कंपनीची, म्हणून त्यांवर मालमत्ता-कर. आणि माल तर मोटारट्रक पळवून नेत होते. १९७४ साली मिलवॉकीने विजेच्या गाड्या बंद केल्या व तारेचे तांबे विकले. आदल्याच वर्षी तेलाचे भाव भडकले होते, हा दैवदुर्विलास! १९८० मध्ये पश्चिमेकडचा मार्गच सोडून देण्यात आला.

आपल्याकडे मुंबई-कुर्ला गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवर धावली. त्याच वर्षी जी. आय. पी. रेल्वे सरकारकडे आली. सदतीस फुटांत एक फूट चढणारे बोर व थळ घाट १९३० पर्यंत तारेखाली आले आणि ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी मालगाडीची इंजिने तेथे राबू लागली. इगतपुरीला मात्र तार संपे. पुढे भुसावळपर्यंत कोळसा आणि धूर. म्हणजे मिलवॉकीसारखीच दरी आपल्याकडेही होती. ती बुजली, याचे श्रेय मी यंत्रापेक्षा मालकीला देतो. रूळ सरकारचे, तेल परदेशचे, गाड्या दाट. भांडवल वीस-तीस वर्षांत फिटले तरी चालणारे होते. १९६० नंतरच्या दशकात २५,००० व्होल्टची तार भुसावळला पोहोचली.

सरकारी मालक नेहमीच दूरदर्शी असतो, असे मात्र कोणी समजू नये. मुंबईकडचा १५०० व्होल्टचा जुना प्रवाह तसाच राहिला, आणि इगतपुरीला इंजिने बदलण्याचा खोळंबा आपण कित्येक दशके सोसला. मध्य रेल्वेवरून तो जुना प्रवाह पुरता जावयास २०१६ साल उजाडले.