शुगर ग्लायडर पाळावा का?

खिशात मावणारा, अंधार पडताच हवेत तरंगत येऊन खांद्यावर उतरणारा आणि मोठ्या काळ्या डोळ्यांनी टकमक पाहणारा शुगर ग्लायडर मोबाइलवरील चित्रफितींमुळे शहरी घरांच्या परिचयाचा झाला आहे. फ्लॅटमध्ये कुत्रा नको, तर निदान हा चिमुकला प्राणी आणू, असे नाशिककर पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र हा निर्णय दहा-बारा वर्षांचा असतो. नीट सांभाळल्यास हा प्राणी तेवढा जगतो, आणि आज हट्ट धरणारे सातवीतले मूल तोवर शिक्षण संपवून घराबाहेर पडलेले असते.

ही खार नव्हे. सह्याद्रीतील उडत्या खारीशी त्याचे रूप जुळते, नाते मात्र नाही. (उडती खार वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असून ती पाळणे हा गुन्हा आहे.) शुगर ग्लायडर हा कांगारूप्रमाणे पिलाला पोटावरील पिशवीत वाढविणारा शिशुधान प्राणी असून त्याचे मूळ ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी येथील जंगलांत आहे. वजन साधारण १०० ते १५० ग्रॅम. पुढच्या व मागच्या पायांमधील कातडीचा पडदा ताणून तो ५० मीटरपर्यंतही तरंगत जातो.

खरी अडचण आहाराची. निसर्गात तो निलगिरीच्या झाडांचा गोड रस, बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक, मकरंद आणि किडे खातो. 'शुगर' हे नाव ऐकून त्याला द्राक्षे आणि पेरूच्या फोडी देत राहणे हा सर्वांत घातक गैरसमज आहे. द्राक्षांच्या आपल्या जिल्ह्यात तर तो मोह अधिकच. नुसत्या फळांवर ठेवलेल्या प्राण्याला कॅल्शियम कमी पडते, हाडे ठिसूळ होतात आणि मागचे पाय लुळे पडतात. आहारात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावे लागते. त्यासाठी मकरंदासारखे मिश्रण, मोजून दिलेले कॅल्शियम आणि किडे लागतात. किडे बरेचदा जिवंतच आणावे आणि डब्यात सांभाळावे लागतात. शाकाहारी स्वयंपाकघराला हे कितपत रुचेल, याचा विचार आधी झालेला बरा.

दुसरी बाब सोबतीची. शुगर ग्लायडर टोळीने राहतो. एकट्याला ठेवले तर तो खंगतो, प्रसंगी स्वतःचीच कातडी व शेपटी कुरतडतो. म्हणजे एक नव्हे, निदान दोन आणावे लागतात. नर-मादी असतील तर पिले होणार. ती टाळायची तर नराची शस्त्रक्रिया करावी लागते, आणि एवढ्याशा जिवाला भूल देणे हे सरावाच्या हाताचे काम आहे. नर डोक्यावरील व छातीवरील ग्रंथींतून वास सोडून आपली हद्द आखतो. हा वास धुऊन जाणारा नाही.

शिवाय हा निशाचर आहे. घर झोपते तेव्हा त्याचा दिवस सुरू होतो आणि मध्यरात्री तो लहान कुत्र्यासारखा भुंकतो. शेजारच्या खोलीत दहावीचा अभ्यास चालू असेल तर पंचाईतच. त्याला दिवसा उठवून पाहुण्यांना दाखविणे हा छळ होय. मोकळा सोडायचा तर छताचा पंखा बंद, खिडक्या बंद आणि कमोडचे झाकण लावलेले हवे. तरंगणाऱ्या प्राण्याला फिरता पंखा दिसून उपयोग नसतो.

नाशिकच्या हिवाळ्यात पारा दहा अंशांखाली जातो, निफाडकडे त्याहूनही खाली. थंडीत आणि उपासमारीत हा प्राणी निश्चेष्ट पडतो व अनोळखी नजरेला मेल्यासारखा भासतो. म्हणून खोली ऊबदार ठेवावी लागते. आजारी पडल्यास अशा प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य कोठे आहे, हे खरेदीपूर्वीच विचारून ठेवावे. बहुतेक दवाखान्यांचा व्यवहार कुत्री-मांजरे आणि गाई-म्हशींशी असतो. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय येथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. शंभर ग्रॅमच्या आजारी प्राण्यासाठी हा प्रवास लांबचा ठरतो.

कायद्याची बाजू अनेकांना गोंधळात टाकते. वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारातील, म्हणजे 'साइटिस'मधील, प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली आणि २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी आवश्यक केली. शुगर ग्लायडर त्या करारात नाही. परंतु यावरून तो कसाही आणता येतो, असा अर्थ दुकानदार काढत असतील तर तो चुकीचा आहे. परदेशातून जिवंत प्राणी आणण्यास आयात परवाना व विलगीकरणाची तपासणी लागते. बँकॉकच्या विमानातून सामानात दडवून आणलेले प्राणी मुंबई विमानतळावर वारंवार पकडले गेले आहेत. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीचा दाखला, बिल आणि प्राणी कोठून आला याची माहिती मागावी. ती देण्यास टाळाटाळ होत असेल तर तेथून निघावे.

कंटाळा आल्यावर गंगापूर धरणाच्या झाडीत सोडून देऊ, हा विचार तर मनातही आणू नये. पाळलेला प्राणी बहुधा काही दिवसांत मरतो. तगला तर अनर्थ. टास्मानिया बेटावर हा प्राणी एकोणिसाव्या शतकात माणसाने नेला आणि आज तेथील दुर्मीळ स्विफ्ट पोपटाच्या माद्या ढोलीतच त्याच्या भक्ष्य होतात.

आमचे मत स्पष्ट आहे: फ्लॅटमधील बहुतेक कुटुंबांनी याच्या वाटेला जाऊ नये. ज्यांच्या घरी तो आधीच आला आहे, त्यांनी उंच पिंजरा व सोबती द्यावा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर वजन करून वहीत नोंदवावे. वजन घटू लागले किंवा मागचे पाय ओढत चालणे दिसले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.