तिरक्या अक्षाचें गणित



घरांत कोणाच्या तरी चष्म्याच्या नंबराचा कागद असेलच. तो एकदां काढून पाहावा. पुष्कळांच्या कागदावर एका डोळ्यापुढें तीन आंकडे आढळतात. पहिला गोल भिंगाच्या शक्तीचा. दुसरा सिलिंडरचा, म्हणजे दंडगोल भिंगाच्या शक्तीचा. तिसरा त्या सिलिंडरच्या अक्षाचा. तो १८० अंशांपर्यंत कोणताहि असूं शकतो. पहिले दोन आंकडे वाढले कीं आपण हळहळतों. तिसऱ्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु दुसऱ्या आंकड्याला अर्थ येतो तो या तिसऱ्यामुळेंच. या उपेक्षित आंकड्याची हकीकत आज आपणांस सांगण्याचें योजिलें आहे.

तिचा आरंभ लंडनमध्यें होतो. २७ नोव्हेंबर १८०० रोजीं थॉमस यंग या २७ वर्षांच्या वैद्यानें रॉयल सोसायटीपुढें डोळ्याच्या रचनेवर व्याख्यान दिलें. स्वतःचा डोळा मापीत असतां त्याला एक नवल आढळलें होतें. उभ्या दिशेनें पसरणारे किरण १० इंचांवरून आले तर ते त्याच्या नेत्रपटलावर नीट जुळत. आडव्या दिशेनें पसरणारे किरण जुळावयास मात्र वस्तु ७ इंचांवर असावी लागे. डोळा एकच, पण दोन दिशांना त्याची शक्ति निराळी! यंगला या दोषाचा त्रास कधीं झाला नव्हता. त्यामुळें उपाय शोधण्याच्या भरीस तो पडला नाहीं. केरी नांवाच्या उपकरणकारानें मात्र त्याला एक मार्मिक गोष्ट सांगितली. कित्येक माणसें अंतर्गोल भिंग डोळ्यापुढें तिरकें धरतात, तेव्हांच त्यांना स्पष्ट दिसतें. भिंग कलविलें कीं त्याची एका दिशेची शक्ति दुसरीहून अधिक वाढते. शास्त्राला जें नुकतें कळलें होतें, तें गिऱ्हाइकांच्या हाताला आधींच ठाऊक होतें.

उपाय सुचला तो ज्याला त्रास झाला त्याला. जॉर्ज बिडल एअरी हा केंब्रिजचा तरुण गणिती. पुढें १८३५ पासून १८८१ पर्यंत तो इंग्लंडचा राजज्योतिषी होता. वाचतांना आपण डावा डोळा वापरीतच नाहीं, आणि जवळची वस्तु पाहावयास तो अगदीं निरुपयोगी आहे, असें ऐन तारुण्यांत त्याच्या ध्यानांत आलें. ज्याचें सारें आयुष्य आंकड्यांत व आकाशांत जावयाचें, त्याच्या दृष्टीनें ही गोष्ट लहान नव्हती. साध्या अंतर्गोल भिंगानें काम होईना. तेव्हां त्यानें एका काळ्या पुठ्ठ्याला सुईनें बारीक भोंक पाडलें आणि उजेडाकडे पाहत तो पुठ्ठा मागेंपुढें केला. भोंक ६ इंचांवर असतां प्रकाशाच्या ठिपक्याऐवजीं उभ्या रेषेशीं सुमारें ३५ अंशांनीं कललेली रेघ दिसे, ३.५ इंचांवर आणलें कीं तिच्याशीं काटकोन करणारी दुसरी रेघ दिसे.

या दोन अंतरांतच रोगाचें निदान होतें. मीटरांत मोजलेल्या केंद्रांतराचा व्यस्तांक म्हणजे डायॉप्टर; हें माप फ्रेंच नेत्रवैद्य मोनॉये यानें १८७२ सालीं सुचविलें. त्या मापानें एअरीला एका दिशेस सुमारें उणे ११.२५ आणि तिच्याशीं काटकोनांत सुमारें उणे ६.५ शक्ति हवी होती. म्हणून एक बाजू गोल व दुसरी दंडगोल असें भिंग त्यानें योजिलें. कांहीं कारागिरांकडे खेपा फुकट गेल्या. अखेर इप्स्विच गांवच्या फुलर नांवाच्या कारागिरानें तें घडवून दिलें. तें लावतांच बारीक छापील अक्षरेंहि डाव्या डोळ्यानें वाचतां येऊं लागलीं. फेब्रुवारी १८२५ मध्यें एअरीनें हा वृत्तान्त केंब्रिजच्या विद्वत्सभेपुढें मांडला. त्याचे स्नेही ह्यूएल यांनीं पुढें या दोषाला ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे बिंदूचा अभाव, असें नांव सुचविलें.

एअरीच्या रेघा तिरक्या होत्या हें लक्षांत असूं द्या. कारण खरें गणित तेथेंच सुरू होतें. काकडी पाटावर आडवी ठेवावी. सुरी तिच्या लांबीशीं काटकोनांत चालविली तर चकती वाटोळी निघते. लांबीला धरून चिरली तर वरचा कांठ सरळ राहतो. तिरकी कापली तर चकती लांबट होते आणि वरच्या कांठाची वक्रता कमी होते. दंडगोल भिंगाचेंहि तसेंच आहे. अक्षाच्या दिशेनें त्याची शक्ति शून्य, काटकोनांत पूर्ण. मधल्या कोनासाठीं त्या कोनाची ज्या, जिला आपण साइन म्हणतों, तिच्या वर्गानें पूर्ण शक्तीस गुणावें. म्हणजे ३० अंशांवर पाव, ४५ वर निम्मी, ६० वर पाऊण. या नियमाचें मूळ ऑयलर या गणितीनें १७६० च्या सुमारास मांडलें होतें. आणि त्यानें स्वतः उजव्या डोळ्याची दृष्टि तरुणपणींच गमावली होती.

चष्मे बनविणारांच्या परीक्षेंत हें उदाहरण आजहि येतें. गोल नंबर उणे ३, सिलिंडर उणे २, अक्ष ३०. तर उभ्या, म्हणजे ९० अंशांच्या दिशेंत शक्ति किती? अक्षापासून अंतर ६० अंश. २ ची पाऊण १.५, उत्तर उणे ४.५. हा केवळ आंकडेमोडीचा खेळ नव्हे. दोन्ही डोळ्यांच्या उभ्या दिशेंतील शक्तींत फार तफावत असली, तर खालीं पाहून वाचतांना दोन प्रतिमा वरखालीं सरकतात आणि वाचणारा हैराण होतो.

दोन सिलिंडर एकमेकांशीं तिरके आले तर काय, हा पुढचा प्रश्न. केंब्रिजच्याच जॉर्ज स्टोक्स यानें १८४९ सालीं सारख्या शक्तीचीं दोन दंडगोल भिंगें, एक बहिर्गोल व एक अंतर्गोल, एकमेकांवर फिरतीं बसविलीं. अक्ष जुळले कीं शक्ति नाहींशी होते. फिरवीत नेलें कीं कोनाच्या साइनच्या दुपटीनें ती वाढते. हें यंत्र दोष मापण्यासाठीं होतें. पण त्यांतून एक गंभीर इशाराहि मिळतो. दोषी डोळा व त्याचा चष्मा हीं अशींच विरुद्ध जोडी आहे. योग्य शक्तीच्या भिंगाचा अक्ष १० अंशांनीं ढळला, तर मूळ दोषाचा सुमारें एकतृतीयांश सिलिंडर शिल्लक उरतो. ३० अंशांनीं ढळला, तर दोष पहिल्याइतकाच राहतो, फक्त दिशा बदलते. त्याहून अधिक ढळला, तर चष्म्यापेक्षां उघडा डोळा बरा!

१८६२ सालीं हॉलंडच्या डोंडर्स यांनीं हा दोष किती सर्रास आढळतो हें दाखवून दिलें, आणि एअरीचें खासगी भिंग हळूहळू जगाचें झालें. म्हणून चष्म्याची दांडी वांकली, भिंग चौकटींत फिरलें, आणि अक्षरें पुन्हां पसरूं लागलीं, तर नंबर वाढला म्हणून घाबरूं नये. आधीं चष्मेवाल्याकडे जाऊन तिसरा आंकडा तपासून घ्यावा. भिंग तेंच असेल, शक्तिहि तीच असेल. चुकला असेल तो केवळ कोन.