लिंकची पत

सर्च इंजिन आज ज्या लिंकच्या बळावर वेबसाइटची पायरी ठरवतं, तिचं मूळ अमेरिकेतल्या वकिलांच्या कचेऱ्यांत सापडतं. जुन्या निकालाचा आधार घेऊन युक्तिवाद करायचा, तर तो निकाल अजून ग्राह्य आहे की पुढच्या एखाद्या निकालाने रद्दबातल ठरवलाय, हे वकिलाला ठाऊक हवं. १८७३ मध्ये शिकागोच्या फ्रँक शेपर्ड यांनी त्यावर तोडगा काढला. इलिनॉयमधल्या एखाद्या निकालाचा उल्लेख पुढे कोणकोणत्या निकालांत आला, याच्या याद्या त्यांनी डिंक लावलेल्या कागदावर छापून विकल्या. वकिलाने त्यातली पट्टी ओली करायची आणि आपल्या निकालसंग्रहात नेमक्या पानाच्या समासात चिकटवायची. नंतरच्या न्यायाधीशांनी त्या निकालाला काय किंमत दिली, ते तिथल्या तिथे कळायचं.

ही युक्ती विज्ञानात आली ती यूजीन गारफिल्ड यांच्यामुळे. शेपर्डच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या विल्यम अडेर यांच्या पत्रामुळे त्यांचं तिकडे लक्ष गेलं. १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी शोधनिबंधांसाठी तशीच सूची सुचवली आणि १९६४ पासून फिलाडेल्फियातून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ नियमित निघू लागला.

वेबवर मात्र ही युक्ती लगेच आली नाही; नव्वदच्या दशकातली सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द पाहत. मग काही वेबसाइटवाले तोच शब्द शेकडो वेळा लिहीत, तोही पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे वाचकाला दिसू नये आणि यंत्राला मात्र दिसावा. पान स्वतःबद्दल जे सांगेल त्यावर विसंबलं की हे होणारच. १९९६ मध्ये रॉबिन ली यांनी ‘रँकडेक्स’ या सर्च इंजिनमध्ये लिंकवरून क्रम लावून पाहिला. पुढे चीनमध्ये ‘बायडू’ उभी केली ती त्यांनीच. त्याच सुमारास स्टॅनफर्डला लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांचा ‘बॅकरब’ आकार घेत होता. त्याचंच पुढे गूगल झालं.

पानांचं वजन मोजण्याच्या त्यांच्या ‘पेजरँक’ या पद्धतीचं गणित सुरेख आहे. एका पानावर चार लिंक असतील, तर ते पान आपलं वजन चौघांत सारखं वाटतं. ज्याला वजनदार पानांकडून वाटा मिळतो, तो स्वतः वजनदार होतो आणि त्याने दिलेल्या लिंकलाही मोल येतं. वाचक कधीतरी कंटाळून भलत्याच पानावर उडी मारणार, हेही धरलेलं होतं. तो लिंकमागून लिंक उघडत राहण्याची शक्यता साधारण ८५ टक्के मानली होती. पेजरँकवरच्या निबंधात गारफिल्ड यांचा उल्लेख आहे.

घोटाळा झाला तो हे वजन चव्हाट्यावर मांडल्याने. डिसेंबर २००० मध्ये गूगलच्या टूलबारवर हिरवी पट्टी आली आणि कोणत्याही पानाचा पेजरँक शून्य ते दहा अशा आकड्यात दिसू लागला. आकडा दिसला की भाव ठरतो. मोठ्या आकड्याच्या वेबसाइटवर लिंक विकत मिळू लागल्या. ‘सर्चकिंग’ नावाची कंपनी अशा जागांचा व्यवहार करायची. २००२ मध्ये आपला आकडा घसरल्यावर ती ओक्लाहोमात कोर्टात गेली. पेजरँक हे गूगलचं मत आहे, असं सांगून कोर्टाने पुढच्या वर्षी दावा फेटाळला.

ज्यांच्याकडे पैसे मोजायची तयारी नव्हती, ते लोकांच्या ब्लॉगवर प्रतिक्रियांच्या मिषाने लिंक पेरत सुटले. त्यावर जानेवारी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही कोडमध्ये लिहायची खूण आली. ती लावलेली लिंक दिसते, उघडते, पण वेबसाइटचा मालक तिला आपलं वजन देत नाही.

तरी धंदा थांबला नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जे. सी. पेनी या दुकानसाखळीचं प्रकरण उघड केलं. कपड्यांशी किंवा सामानाशी काडीचा संबंध नसलेल्या हजारो पानांवर तिच्या लिंक होत्या. सॅमसोनाइटच्या प्रवासी बॅगांच्या एका शोधात तर ती पहिली यायची. गूगलने कारवाई केली आणि दोन तासांत ती ७१व्या क्रमांकावर गेली. आपल्याला याची कल्पना नव्हती, असं सांगून कंपनीने सर्च इंजिनचं काम पाहणाऱ्या संस्थेला काढून टाकलं. एप्रिल २०१२ मध्ये गूगलच्या क्रमवारीत ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला आणि बनावट लिंकांच्या जिवावर वर चढलेल्या असंख्य वेबसाइट आपटल्या. हिरव्या पट्टीतला तो आकडा २०१६ मध्ये लोकांसमोरून कायमचा गेला. तो इतकी वर्षं उघड ठेवायला नकोच होता.

२०१९ पासून नोफॉलोला गूगल आदेश मानत नाही, केवळ सूचना मानतं. पैसे घेऊन दिलेल्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ आणि वाचकांनी टाकलेल्या लिंकला ‘यूजीसी’ अशा खुणाही तेव्हापासून आहेत. आपण दिलेली लिंक मनापासूनची, विकलेली की परक्याने टाकलेली, हे वेबसाइटच्या मालकाने कोडमध्येच नोंदवावं, अशी गूगलची अपेक्षा असते.