औषध कशाला म्हणायचे? वैद्यकीय बिलाचा मागोवा

सांगलीतल्या जत किंवा साताऱ्यातल्या खटाव तालुक्यातल्या शाळेतले गुरुजी आज रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्या मोबाईलवरून मागवतात. दोन-चार दिवसांत खोके दारात येते, बिल मेलवर येते. त्या बिलावर वरती मार्केटप्लेसचे नाव मोठ्या अक्षरात असते. प्रत्यक्ष विकणाऱ्याचे नाव खाली बारीक अक्षरात, सोबत भिवंडीकडच्या एखाद्या गोदामाचा पत्ता, ऑर्डर क्रमांक, जीएसटी क्रमांक, एचएसएन कोड आणि संगणकाने उमटवलेली सही. गावातल्या मेडिकलच्या पावतीवर मात्र दुकानाचा परवाना क्रमांक, औषधाचा बॅच नंबर, डॉक्टरांचे नाव आणि फार्मासिस्टची शाईतली सही असते. मधुमेह तोच आणि पट्टीही तीच, पण वैद्यकीय खर्च परत मागणारी फाईल तपासणाऱ्याच्या नजरेत ही दोन बिले एका तोलाची नाहीत. हा फरक कुठून आला हे पाहायचे तर जवळजवळ नव्वद वर्षे मागे जावे लागते.

सरकारी नोकराच्या औषधपाण्याचा खर्च सरकारने सोसायचा, ही पद्धत इंग्रजी अमलातली. वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांसाठी १९३८ साली वैद्यकीय देखभालीचे नियम झाले आणि १९४४ मध्ये केंद्र सरकारच्या नोकरांसाठी तसेच नियम आले. कोणाकडून उपचार घ्यायचे हे त्यात ठरलेले होते. सरकारने नेमलेला डॉक्टर जे लिहून देईल तेच औषध. या नियमांबरोबर जे प्रमाणपत्र जोडायचे, त्यात डॉक्टरने तीन गोष्टींची हमी द्यायची असे: औषध बरे होण्यासाठी आवश्यक होते, तितकेच गुणकारी स्वस्त औषध उपलब्ध असताना कंपनीच्या नावाचे महागडे औषध दिलेले नाही, आणि यादीत मुख्यतः अन्न, प्रसाधन किंवा जंतुनाशक म्हणून वापरायच्या वस्तू नाहीत. टॉनिक, साबण, फिनेल सरकारी पैशाने घरात येऊ नये, हा त्यामागचा हिशेब रास्तच होता. पण अन्न, प्रसाधन आणि जंतुनाशक या तीन शब्दांनी जी भिंत बांधली गेली, ती आजतागायत उभी आहे.

सातारा आणि सांगली यांचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, म्हणजे मुंबई प्रांताच्या अमलाखाली. सांगली, मिरज, जत ही संस्थाने वेगळी होती. संस्थानी मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले आणि १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा काढली. पुढे महाराष्ट्र-कर्नाटकातून रुग्ण मिरजेला येऊ लागले. म्हणजे उत्तम उपचार सरकारी चौकटीबाहेर, मिशनच्या दवाखान्यात मिळत होते आणि खर्चाची मान्यता सरकारी डॉक्टरच्या सहीत अडकली होती. हा पेच या भागाने फार लवकर पाहिला.

१९४९ मध्ये संस्थाने विलीन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठरले. लगेच पुढच्या वर्षी, नव्या महाराष्ट्र राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी वैद्यकीय देखभालीचे १९६१चे नियम केले. मास्तर, तलाठी, पोलीस, कारकून या सगळ्यांच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीचा पाया तोच आहे. मिरजेत १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खाजगी दवाखान्यांची संख्या वाढत गेली तसा राज्याला दुसरा मार्ग काढावा लागला. मार्च २००५ च्या शासन निर्णयाने २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजार ठरवून दिले. त्यांतल्या आजारासाठी खाजगी रुग्णालयातल्या उपचारांचा खर्च मिळू लागला. म्हणजे १९४४ साली कळीची होती डॉक्टरची सही, २००५ मध्ये आजाराचे नाव कळीचे झाले. वस्तू मान्य होण्याआधी आजार यादीत बसायला हवा.

ज्याने कधी असे बिल टाकले आहे त्याला ती फाईल पाठ असते. अर्ज, प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तारखेनुसार लावलेली बिले, प्रत्येक बिलावर डॉक्टरांची सही आणि शिक्का. फाईल जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात जाते, त्रुटी निघतात, परत येते. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयाच्या आवारात किंवा सांगलीच्या सिव्हिलमध्ये सही-शिक्क्यासाठी थांबलेला निवृत्तीला आलेला कर्मचारी काही नवी मागणी करत नसतो. झालेला खर्च खराच औषधाचा होता, एवढेच त्याला पटवून द्यायचे असते.

खाजगी नोकरदाराची वाट निराळी होती. आयकर कायद्यात मालकाने दिलेल्या वैद्यकीय खर्चावर वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत कर लागत नसे, मात्र बिले द्यावी लागत. त्यामुळे मार्च जवळ आला की औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांची मेडिकलच्या पावत्या गोळा करायची धावपळ सुरू होई. २०१८ च्या अर्थसंकल्पाने ही सवलत काढली आणि तिच्या जागी ४०,००० रुपयांची सरसकट वजावट दिली. पावतीची कटकट संपली, पण आजारी माणसाला निरोग्यापेक्षा काही जास्त मिळेनासे झाले. त्याच अर्थसंकल्पाने कलम ८०डी खाली ६० वर्षांवरच्यांसाठीची मर्यादा ५०,००० केली. जुन्या करप्रणालीत, विमा नसलेल्या वृद्ध आईवडिलांच्या औषधोपचाराचा खर्च तिथे दाखवता येतो. अट एवढीच की पैसे रोखीने दिलेले नसावेत. या अटीमुळे मोबाईलवरून पैसे भरून मागवलेले औषध उलट सोयीचे ठरले. पण वैद्यकीय खर्च म्हणजे नेमका कोणता, याची व्याख्या कायद्याने दिली नाही.

व्याख्या करायचे काम विमा कंपन्यांनी केले, तेही उलट्या बाजूने. १९८६ मध्ये मेडिक्लेम आला. पुढे दाव्यांवरून वाद वाढले तेव्हा विमा नियामकाने २०१३ मध्ये काय मिळणार नाही याची प्रमाण यादी काढली. ती यादी आज नव्या स्वरूपात ६८ नगांची आहे आणि ती एकदा तरी डोळ्यांखालून घालावी अशी आहे. बेबी फूड, टीव्हीचे भाडे, झेरॉक्सचे पैसे त्यात आहेत, हे समजण्यासारखे आहे. पण डायपर, थर्मामीटर, नेब्युलायझर किट, वाफेचे यंत्र, मधुमेहींची पादत्राणे, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, चालायला आधार देणारी साधने, हातमोजे, मास्क हेही त्याच यादीत आहेत. अर्धांगवायू झालेल्या माणसाच्या घरात रोज लागणारी वस्तू टीव्हीच्या भाड्याच्या पंक्तीला बसवली आहे. १९४४ ची भिंत इथे आणखी उंच झाली. मुळात गरिबांसाठी निघालेली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, जी राजीव गांधींच्या नावाने २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू होऊन २०१३ च्या नोव्हेंबरात सातारा-सांगलीसह राज्यभर आली, तीही ठरवून दिलेल्या रुग्णालयातल्या उपचारांची आहे. घरी लागणाऱ्या साधनांचा भार घरावरच राहतो.

२०२० मध्ये ही भिंत साऱ्यांना दिसली. कोविडच्या साथीत राज्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी सॅनिटायझर बनवायला घेतले. सॅनिटायझर औषध की जंतुनाशक हा प्रश्न शेजारच्या गोव्यात एका डिस्टिलरीने जीएसटीच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणासमोर नेला. निकाल आला की ते जंतुनाशक, म्हणून कर १८ टक्के. जुलैत केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही तेच सांगितले. वर्षभराने जून २०२१ मध्ये तोच कर काही महिन्यांपुरता ५ टक्क्यांवर आणावा लागला, ऑक्सिमीटरचाही कमी झाला. गरज तीच होती, वस्तू तीच होती. फिरला फक्त तिच्यावरचा कर.

२०२० मध्येच आणखी एक मोठा बदल झाला. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सगळी वैद्यकीय उपकरणे १ एप्रिलपासून औषध कायद्याखाली आली. ग्लुकोमीटर, रक्तदाब मोजायचे यंत्र, नेब्युलायझर ही साधने कायद्याच्या भाषेत औषधाच्या कक्षेत आली. २०२२ मध्ये उपकरणे विकणाऱ्यांसाठी वेगळी नोंदणीही आली. ऑनलाइन औषधविक्रीचा गुंता मात्र सुटला नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा निघाला, डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्रीला मनाई केली, आणि मसुदा मसुदाच राहिला. म्हणून गोळ्यांच्या बाबतीत कार्यालयाने परवाना क्रमांक आणि चिठ्ठी मागणे योग्यच आहे. बनावट औषधापासून रुग्णाला वाचवणारी ती एकच साखळी आहे. कमरेच्या पट्ट्याला किंवा ग्लुकोमीटरला तोच नियम लावायचे मात्र कारण नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांनी या प्रश्नाचे एक निराळे उत्तर पाहिले आहे. तिथे आरोग्याच्या खर्चासाठी करमुक्त खाती आहेत आणि त्यांचे कार्ड मिळते. कोणती वस्तू त्या पैशांतून घेता येईल याचा निर्णय दुकानातले गल्ल्याचे यंत्रच करते, कारण पात्र वस्तूंची संगणकीय यादी दुकानांनी आणि ऑनलाइन विक्रेत्यांनी आपल्या मालाला जोडलेली असते. २००६ मध्ये तिथल्या कर खात्याने ही पद्धत मान्य केली. यादीही बदलत आली: २०११ पासून चिठ्ठीशिवायची साधी औषधे वगळली गेली, मार्च २०२० च्या कायद्याने ती परत आली आणि सॅनिटरी पॅडही पहिल्यांदाच पात्र ठरले. तिथल्या आरोग्यसेवेचे दर पाहता तिची नक्कल कोणी करू नये. पण मान्यता बिलाच्या कागदाला न देता वस्तूला द्यायची, हा धडा घेण्यासारखा आहे.

आणि त्यासाठी लागणारी सामग्री आपल्याकडे तयार आहे. जीएसटीच्या बिलावर वस्तूचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड असतो: ३००४ म्हणजे औषधे, ३००५ म्हणजे पट्ट्या-बँडेज, ९०२१ म्हणजे अस्थिरोगाची साधने आणि श्रवणयंत्रे. २२ सप्टेंबर २०२५ पासून केंद्राने ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या, थर्मामीटर, नजरेचे चष्मे यांना नाव घेऊन ५ टक्क्यांच्या दरात बसवले. कर गोळा करताना सरकारला जी वस्तू आरोग्याची म्हणून ओळखता येते, ती पैसे परत देताना ओळखता येत नाही, असे म्हणता येणार नाही.

राज्याच्या आरोग्य विभागाने घरी लागणाऱ्या वैद्यकीय साधनांची कोडनिहाय यादी करावी, ती मराठीत जाहीर करावी, दर वर्षी सुधारावी आणि बिल गावातल्या दुकानाचे असो वा मार्केटप्लेसचे, त्याच यादीवर तपासावे. विमा नियामकानेही आपल्या ६८ नगांतून रुग्णाची साधने बाहेर काढावीत. तोवर वाचकांनी एवढे करावे: वैद्यकीय वस्तू ऑनलाइन घेताना डॉक्टरांची चिठ्ठी आधी घ्या, बिल रुग्णाच्या नावाने मागवा, त्यावर खऱ्या विक्रेत्याचे नाव आणि परवाना किंवा नोंदणी क्रमांक आहे ना ते पाहा, पैसे रोखीने देऊ नका, आणि बिल नाकारले गेले तर कोणत्या नियमाने नाकारले ते लेखी मागा.