पित्ताशयापासून इतिहासापर्यंत

इतिहास लिहिण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आमच्या वर्गांत अनेकदां निघतो. दफ्तरें चाळणाराचा, हें उत्तर आम्हांस अंगवळणीं पडलें आहे. जॅरेड डायमंड यांची कारकीर्द पाहिली म्हणजे तें अपुरें वाटूं लागतें.

१९३७ सालीं बोस्टन येथें जन्मलेले हे गृहस्थ मूळचे शरीरक्रियाविज्ञानाचे अभ्यासक. १९६१ सालीं केंब्रिज येथें त्यांनीं डॉक्टरेट मिळविली, ती पित्ताशयावरील संशोधनाबद्दल. पुढें लॉस अँजेलिस येथील विद्यापीठांत अध्यापन करीत असतां पक्ष्यांच्या अभ्यासासाठीं ते न्यू गिनीच्या अरण्यांत वारंवार जात. तेथेंच १९७२ सालीं याली नांवाच्या एका स्थानिक पुढाऱ्यानें त्यांस विचारिलें कीं, गोऱ्यांजवळ एवढी सामग्री असावी आणि आमच्याजवळ इतकी थोडी, हें कां?

या प्रश्नाचें उत्तर १९९७ सालच्या 'गन्स, जर्म्स अँड स्टील' या ग्रंथांत आहे. त्यास १९९८ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. त्यांचें म्हणणें असें कीं, भेद वंशाचा नसून भूमीचा आहे. गहूं, जव, गाय, घोडा अशा माणसाळण्याजोग्या जाती युरेशियांत विपुल. शिवाय त्या भूखंडाचा विस्तार पूर्वपश्चिम, म्हणून एका ठिकाणचें बीं सारख्या हवामानांत दूरवर रुजलें. शेतीपासून धान्याचा सांठा, सांठ्यापासून राज्यें, लेखन व शस्त्रें. आणि गुरांच्या सहवासापासून रोग व ते सोसण्याची शक्ति. १५३२ सालीं काहामार्का येथें पिझारोच्या १६८ माणसांनीं इंका सम्राट आताहुआल्पा यास पकडिलें, त्यामागें हजारों वर्षांची ही शिदोरी होती.

वंशश्रेष्ठत्वाचा दंभ इतक्या सोप्या भाषेंत मोडणें हें लहान काम नव्हे. तथापि आमचें पूर्ण समाधान होत नाहीं. घोडा भूगोलानें दिला. त्यावर बसून कोणावर चालून जावें, हें त्यानें सांगितलें नाहीं. सुटकेचें सोनें पदरांत पडल्यावरहि १५३३ सालीं आताहुआल्पाचा वध झाला. त्याचा जाब अक्षांशांस कसा विचारावा?

व्यापक सिद्धान्तास दुसराहि धोका असतो. २००५ सालच्या 'कोलॅप्स' ग्रंथांत ईस्टर बेटाचे लोक अरण्यें तोडून स्वतःच्याच हातानें लयास गेले, असें प्रतिपादन आहे. परंतु तेथील १५ प्राचीन व्यक्तींच्या अवशेषांतील आनुवंशिक द्रव्य तपासून २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत सतराव्या शतकांतील अशा लोकसंहाराची खूण आढळली नाहीं.

सामर्थ्य कोठून आलें, हें सांगण्याचा शास्त्रज्ञाचा अधिकार आम्हांस मान्य आहे. तें कोणीं, कोणावर व कां चालविलें, हें पाहण्यासाठीं मात्र दफ्तरें उघडावींच लागतील.